काळमान्यांचा दुखवटा

थॉर्नबी, १२ फेब्रुवारी २००६

प्रिय मॉरीन,

सोबत एक छापील कार्ड आहे. ते पलटणीच्या माजी सैनिक संघटनेचं आहे, माझं नाही. जुन्या बायकांचे पत्ते कोणाकडे नव्हते, म्हणून पाकिटं लिहायचं काम माझ्याकडे आलं. तुझा पत्ता डेरेकच्या बहिणीकडून मिळवला. तुझ्या नणंदेनं, व्हेरानं, आधी विचारलं, "तुला कशाला हवाय?"

"कार्ड पाठवायचंय."

"नुसतं कार्डच ना?"

मी हो म्हटलं.

बातमी अशी की थॉर्नबी पलटण बंद होते आहे. 'बंद' म्हणायचं नाही, 'विलीन' म्हणायचं, असं कर्नल पेनिंग्टननी आम्हाला बजावलं आहे. चार पलटणी मिळून एक मोठी पलटण होणार आणि तिच्या नावात थॉर्नबी हा शब्द असणार नाही. २२ जुलैला, पुलाच्या लढाईच्या दिवशी, दोन्ही निशाणं सेंट ऑस्विनच्या चर्चमध्ये ठेवायची आहेत. तिथे ती भिंतीवर टांगतील. टांगलेल्या निशाणाला पुन्हा सुई लावायची नाही, झिजून धागा धागा खाली पडेपर्यंत तशीच ठेवायची, हा नियम तुला ठाऊकच आहे.

माझा वॉल्टर चार वर्षांपूर्वी गेला. छातीत दुखतंय म्हणाला, बूट काढले, एकाशेजारी एक नीट ठेवले आणि गेला. तुला कळवलं नव्हतं, म्हणून आता लिहिते.

येण्याचा आग्रह नाही. अॅडलेड काही पलीकडच्या गल्लीत नाही. पण येणार असशील तर कळव, खुर्च्या मोजायच्या आहेत.

एड्ना क्रॅबट्री


९ मार्च

प्रिय मॉरीन,

कार्डाचं उत्तर आलं नाही. टपालाला वेळ लागत असेल.

इथे सध्या बटणांवरून लढाई जुंपली आहे. नव्या गणवेशावर बटणं कोणाची आणि टोपीवरचा बिल्ला कोणाचा, हे ठरवायला चारही पलटणींचे म्हातारे दर महिन्याला भेटतात. इतिवृत्त लिहायला मी बसते. गेल्या गुरुवारी मेजर डॉसन टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "बटणं घ्या, बिल्ला घ्या, पण काळी पट्टी राहिलीच पाहिजे."

पलीकडच्या पलटणीचा एक कॅप्टन होता. तो म्हणाला, "एका म्हाताऱ्यासाठी किती वर्षं रडणार हो तुम्ही?"

"तो म्हातारा आमचा जनरल होता!"

"अहो, पण मेला ना तो? १८११ साली?"

त्यावर डॉसन उठून बाहेर गेले आणि टोपी विसरली म्हणून परत आले. सगळे हसले. मी इतिवृत्तात 'चर्चा झाली' असं लिहिलं.

मग त्या कॅप्टनला डॉसननी पट्टीची गोष्ट पहिल्यापासून ऐकवली. स्पेनमधला तो पूल, जनरलच्या गळ्यात लागलेली गोळी, संध्याकाळी माणसांनी तोफेतली काजळी बोटावर घेऊन आपापल्या कॉलरच्या आत ओढलेली रेघ. पुढे काजळीची कापडी पट्टी झाली, आणि शेजारच्या पलटणी आपल्याला काळमाने म्हणून चिडवायला लागल्या. डॉसन छान सांगतात. पण पट्टी शिवली कोणी, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांना सुचलंच नसणार.

मी लग्न करून बराकीत आले, त्या पहिल्याच आठवड्यात मला चौदा कॉलरी आणून दिल्या. ज्याला बायको नाही त्याचा कोट सार्जंट मेजरच्या बायकोकडे, हा रिवाज. नंतर तू आलीस. क्वार्टर नंबर सात, आमच्या भिंतीला भिंत लागून. मी तुला शिकवलं होतं: पट्टी बोटभर रुंद, टाका आतून, बाहेर केसाएवढी काळी रेघ दिसायला हवी, त्याहून जास्त नाही. दुसऱ्याच दिवशी तुझा टाका माझ्यापेक्षा सरळ आला. मी 'बरा आहे' म्हटलं. तो बरा नव्हता, उत्तम होता.

मागच्या आठवड्यात केनेथ ऑग्डन येऊन गेला. तो तुला आठवत नसेल.

तर बटणांचं अजून ठरलेलं नाही. पितळी आमची राहतील असा रंग आहे.

एड्ना


२ एप्रिल

प्रिय मॉरीन,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. पाच ओळी. त्या इथे उतरवते, म्हणजे मी उत्तर देताना इकडेतिकडे जाणार नाही.

"कार्ड मिळालं. मी येणार नाही. केनेथ ऑग्डन मला चांगला आठवतो, लग्नात त्यानं माझ्या वडिलांच्या अंगावर बिअर सांडली होती. त्याचं नाव लिहून तू लगेच बटणांवर का गेलीस? काही सांगायचं असेल तर सांग, नाहीतर टपालाची तिकिटं वाया घालवू नकोस."

बरोबर आहे तुझं.

केनेथ आला तो भर दुपारी, पावसात भिजून. आता तो एकोणसाठ वर्षांचा आहे, दिसतो ऐंशीचा. आमच्या दाराच्या तीन पायऱ्या चढताना दोनदा थांबला. मी चहा केला, डुकराच्या मांसाची पाई कापून पुढे ठेवली. त्यानं पाईला हात लावला नाही.

"क्रॅबट्रीबाई," तो म्हणाला, "हॅस्लमबाईंचा पत्ता आहे का तुमच्याकडे?"

"कशाला?"

"तुम्हाला माहीत नाही होय, कशाला ते?"

मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात?"

"पुढचा नाताळ धरू नका म्हणतात. तीस वर्षं दगडाच्या खाणीत काढली, बाई. निम्मी खाण आता माझ्या छातीत आहे." एवढं बोलायला त्याला बराच वेळ लागला. मग म्हणाला, "मला तिला सांगायचंय. तोंडानं. तुमच्या सार्जंट मेजरांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं की बोलणार नाही. पण ते गेले आता. मेलेल्याचं वचन किती दिवस पाळायचं?"

"पत्ता माझ्याकडे नाही," मी म्हटलं.

पुढच्या पत्रासाठी तुझं नाव-पत्ता लिहिलेलं पाकीट तेव्हा चहाच्या डब्याला टेकून उभं होतं. केनेथचा चष्मा त्याच्या खिशात होता. त्यानं तो काढला नाही. "बरं. मिळाला तर कळवा," म्हणाला आणि गेला.

आता जे सांगायचं ते.

१९६७ चा ऑगस्ट, एडन. एका तीन मजली घराच्या गच्चीवर आपल्या चार माणसांचा पहारा होता. दुपार होती. धुळीचं वारं सुटलं होतं, हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. पाणी संपलं. डेरेक कॅन घेऊन खाली उतरला आणि 'पुढच्या जिन्यानं येतो' असं सांगून गेला. खाली पुढच्या दारात कोणाची तरी गाडी आडवी लागली होती, म्हणून तो मागच्या जिन्यानं वर आला. धुळीसाठी त्यानं डोक्याला आणि तोंडाला फडकं गुंडाळलं होतं. मागच्या कठड्याशी केनेथ होता, वीस वर्षांचा, एडनला येऊन सोळा दिवस झालेला. त्यानं एकदा हटकलं. वाऱ्यात ते कोणाला ऐकू गेलं नसणार. मग त्यानं गोळी झाडली. एकच.

शत्रू वगैरे कोणी नव्हतं तिथे. त्या दिवशी त्या गल्लीत आपल्या माणसांशिवाय कोणीच नव्हतं.

वॉल्टरनं मला हे हवाई पत्रात कळवलं. ते मला तुला तार आल्यानंतर पाच दिवसांनी मिळालं. म्हणजे सप्टेंबरात तू माझ्या स्वयंपाकघरात येऊन विचारलंस, "एड्ना, मला खरं सांग, काय झालं तिथे?" तेव्हा मला माहीत होतं. आणि मी म्हटलं, "त्यांनी लिहिलंय तेच."

केनेथला पत्ता द्यायचा की नाही, हे तू सांग.

एड्ना


११ मे

प्रिय मॉरीन,

तुला अडुसष्टपासून माहीत आहे, हे खुर्चीत बसून वाचलं. मग उठून कपडे वाळत घातले.

गच्चीवरच्याच एकानं लीड्सच्या स्टेशनवर दारूच्या भरात तुला सांगितलं आणि तू मला पत्र टाकून विचारलंस, ते पत्र मला मिळालं होतं. टपालात हरवलं नव्हतं. मी उत्तर दिलं नाही. तू म्हणतेस, "मला बातमी नको होती, ती माझ्याकडे होती. मला ती तुझ्या तोंडून हवी होती." यावर काय लिहू? ती मी अडतीस वर्षं उशिरा लिहिली.

तुझा दुसरा प्रश्न जास्त कठीण आहे. तू लिहितेस, "वॉल्टरनं मला जे पत्र पाठवलं त्यातलं एक वाक्य वॉल्टरचं नव्हतं. वॉल्टर शिधापत्रकासारखं लिहायचा. ते कोणाचं?"

त्याआधी तुला क्वार्टर सोडायचा दिवस सांगते. तो तुला आठवतोच, पण मला काय आठवतं ते तुला माहीत नसेल.

नवरा गेला की तीन महिन्यांत क्वार्टर रिकामं करायचं. जनरलचा दुखवटा तोवर दीडशे वर्षं चालला होता आणि पुढेही चालायचा होता. तुला तीन महिने. हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आता येतं. नोव्हेंबरात कोठारातला सार्जंट यादी घेऊन आला आणि सोबत मी होते, कारण बाईमाणसाच्या घरात बाईनं असावं. चमचे मोजले, गाद्या उलटून पाहिल्या. शेवटी त्यानं ओव्हनमध्ये पांढरा रुमाल फिरवला. रुमाल राखाडी झाला.

"हा पुन्हा साफ करावा लागेल," तो म्हणाला. माझ्याकडे बघत होता. मी 'असू दे' म्हटलं असतं तर त्यानं ऐकलं असतं. सार्जंट मेजरच्या बायकोचा शब्द होता.

मी म्हटलं, "नियम आहे, मॉरीन."

तुझी छोटी सुझन ट्रंकेवर बसून जॅम लावलेला पाव खात होती. तू अंगावरचा चांगला कोट काढलास, गुडघे टेकून ओव्हन घासलास आणि फडकं माझ्या हातात दिलंस. "हे घे. दे तुझ्या पलटणीला." त्यानंतर आपण बोललो नाही.

मी असं का वागले, याचं उत्तर मला इतकी वर्षं देता येत होतं. नियम होता, वॉल्टरची जागा होती, एकीला सूट दिली की दुसरी मागते. खरं एवढंच की मला तू लवकर जायला हवी होतीस. तू भिंतीपलीकडे होतीस तोवर मला झोप नव्हती.

कारण ते वाक्य माझं होतं.

वॉल्टरनं त्या हवाई पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, "कर्नल म्हणतात बायकोला खरं कळवू नये, पोराचंही आयुष्य जाईल. पत्र मी लिहायचं आहे. चार वेळा लिहून फाडलं. तू तिला ओळखतेस, तिला काय वाचून बरं वाटेल ते तू लिहून पाठव, मी उतरवतो." मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहिलं. पलीकडून तुझा आवाज येत होता. तू सुझनला अंघोळ घालत होतीस.

मी लिहिलं: "साथीदारांना आडोसा देताना, शत्रूकडे तोंड करून, क्षणात आणि वेदनेवाचून त्याला मरण आलं."

ते एडनला गेलं आणि दहा दिवसांनी वॉल्टरच्या अक्षरात तुझ्याकडे आलं. तू ते घेऊन माझ्याकडेच आलीस. माझ्याच टेबलाशी बसून मला मोठ्यानं वाचून दाखवलंस. 'क्षणात आणि वेदनेवाचून' हे तू दोनदा वाचलंस आणि म्हणालीस, "निदान हे तरी."

मी किटली ठेवली.

केनेथला तुझा पत्ता दिला आहे. तू लिहिलंस तसं त्याला रविवारी, २५ जूनला, सकाळी नऊ वाजता माझ्या फोनजवळ आणून बसवेन.

एड्ना


२५ जून, रविवार

प्रिय मॉरीन,

तुम्ही दोघं काय बोललात ते मला माहीत नाही. किती ऐकलं ते मात्र सांगते, नंतर गैरसमज नको.

केनेथ साडेआठलाच आला. दाढी केली होती, पलटणीचा टाय बांधला होता. प्राणवायूची छोटी टाकी चाकांवर ओढत आणली होती. मी त्याला बोळात फोनशेजारच्या खुर्चीवर बसवलं.

"टाय कशाला रे? तिला थोडाच दिसणार आहे?"

"मला दिसतोय ना," म्हणाला.

नऊला घंटा वाजली. त्यानं ती पाच वेळा वाजू दिली. मी स्वयंपाकघरात गेले. दार पुरतं लागत नाही, लाकूड फुगलं आहे.

"हो, बाई. ऑग्डनच बोलतोय." मग तू बोलत असणार. "हो. मीच. …नाही, ओळखलं नाही. …नाही हो, एकदाच हटकलं, दोनदा हटकायला हवं होतं. …हातात कॅन होता. पाणी सगळं सांडलं पायऱ्यांवर. …"

मग तो म्हणाला, "नाही, बाई. लगेच नाही. वीस मिनिटं तरी गेली असतील. माझ्या मांडीवर डोकं होतं त्यांचं."

माझ्या हातात बटाटा होता. तो मी खाली ठेवला.

मॉरीन, हे मला माहीत नव्हतं. वॉल्टरनं मला हे लिहिलं नव्हतं. त्यानं 'गोळी लागून गेला' एवढंच लिहिलं आणि 'क्षणात' हा शब्द मी माझ्या मनानं घातला. तो असा सहज आला, ओळीत बसला म्हणून. वॉल्टरनं तो शब्द वाचला तेव्हा त्याला खरं माहीत होतं आणि त्यानं तो तसाच उतरवला. पस्तीस वर्षं त्याच्याशी संसार केला त्यानंतर, एकदाही बोलला नाही.

केनेथ पुढे म्हणाला, "हो, बोलत होते. शुद्धीत होते. सांगतो. त्यासाठीच तर…" त्याचा आवाज खाली आला. तेव्हा मी उठले आणि खांदा लावून दार बंद केलं. नेहमी लागत नाही, आज लागलं.

सव्वा तासानं त्यानं दार ठोठावलं. चेहरा ओला होता. पण माझ्याकडे बघून म्हणाला, "भूक लागलीय, क्रॅबट्रीबाई. काही आहे का?" मी अंडी आणि बेकन केलं. दोन्ही अंडी खाल्ली त्यानं, वर टोस्टनं ताट पुसून घेतलं.

मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

एड्ना


२४ जुलै

प्रिय मॉरीन,

शनिवारी निशाणं ठेवली. मी जे पाहिलं ते लिहिते, वाचायचं नसेल तर पान उलट.

सकाळी बराकीत रिवाजाप्रमाणे साहेब लोकांनी शिपायांना खाटेवर चहा दिला, रम घालून. शेवटचा म्हणून कर्नल पेनिंग्टनही किटली घेऊन फिरले. त्यांचं वय एकोणऐंशी, हात थरथरतो. एका पोराच्या ब्लँकेटवर चहा सांडला. पोरगा म्हणाला, "असू द्या सर, गरम आहे ते बरं." दहा वाजता गावातून संचलन. ढोलांवर काळं कापड, पावलं संथ. ढोलावरची लढायांची नावं या निमित्तानं नव्यानं रंगवली होती. त्यातलं 'असई' अजूनही कोणाला धड म्हणता येत नाही. बायका फुटपाथवर उभ्या होत्या. सुपरमार्केटातल्या पोरी गणवेशावरच बाहेर येऊन बघत होत्या.

चर्चमध्ये पाद्र्यानं निशाणं घेतली आणि वेदीवर आडवी ठेवली. कर्नल रडले. डॉसन रडले. मला रडू आलं नाही. मी पुढच्या पोरांच्या कॉलरी बघत होते. आता पट्टी कारखान्यातूनच शिवून येते, यंत्राचा टाका, सगळ्या सारख्या. नव्या गणवेशात ती राहणार आहे. बटणं गेली. डॉसन जिंकले म्हणायचं.

मग नावं वाचली. दुसऱ्या महायुद्धानंतरची सगळी, एकेचाळीस. 'कॉर्पोरल डेरेक हॅस्लम, एडन.' केनेथ शेवटच्या बाकावर टाकी घेऊन बसला होता. नाव आलं तेव्हा तो उभा राहिला. बाकी कोणी कोणाच्याच नावाला उभं राहत नव्हतं, त्यामुळे लोकांनी वळून पाहिलं. तो नाव संपल्यावरही उभाच होता.

आता तुला एक विचारायचं आहे. पलटणीच्या संग्रहालयात एडनचं एक काचेचं कपाट आहे. दर मंगळवारी मी तिथे पुसपास करते. त्या कपाटात डेरेकचा फोटो आहे आणि खाली छापील कार्ड. कार्डावर काय आहे ते तू ओळखलंच असशील. 'साथीदारांना आडोसा देताना' पासून 'वेदनेवाचून' पर्यंत, अख्खं. सदतीस वर्षं शाळेची पोरं रांगेनं येऊन ते वाचताहेत.

काल मी कर्नलना गाठलं. सगळं सांगितलं, माझ्या वाक्यासकट. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"मिसेस क्रॅबट्री, हे मला माहीत आहे," ते म्हणाले. "मी तेव्हा तिथे कॅप्टन होतो."

"मग कार्ड बदला."

"काय लिहायचं त्यावर? ऑग्डनचं नाव?"

"खरं लिहा."

"पुढच्या वर्षी सगळी कपाटं जिल्ह्याच्या गोदामात जाणार आहेत. कोणी बघणारही नाही. सहा महिन्यांसाठी कशाला त्या माणसाला…" मग थांबले आणि म्हणाले, "त्याच्या बायकोला विचारा. ती म्हणेल तसं."

ते वाईट माणूस नाहीत. त्यांना वाटलं तू काही म्हणणार नाहीस.

म्हणून विचारते. कार्डावर काय लिहू?

एड्ना


१९ ऑगस्ट

प्रिय मॉरीन,

तुझी चिठ्ठी मिळाली.

"कार्डावर काहीच लिहू नकोस. तो फोटो माझा आहे. सदुसष्टमध्ये पलटणीच्या मासिकासाठी वॉल्टरनं मागून नेला, आठवड्यात परत देतो म्हणाला. माझ्याकडे दुसरी प्रत नाही. त्याला तिथून काढ आणि माझ्याकडे पाठव."

मी कर्नलना विचारायला गेले नाही. ते 'समितीपुढे ठेवू' म्हणाले असते. मंगळवारी नेहमीप्रमाणे सव्वादहाला गेले. कपाटाची किल्ली पुसण्यासाठी माझ्याकडेच असते. दोन पर्यटक होते, नवरा-बायको, बहुतेक डच. त्यांच्यासमोरच काच सरकवली. बाई म्हणाली, "आम्ही बाजूला होऊ का?" मी म्हटलं, "नको, एकच वस्तू काढायची आहे." चाळीसहून जास्त वर्षं पलटणीत काढली, नियम मोडल्याचं हे पहिलंच. मग खालचं कार्डही काढून पिशवीत टाकलं, फार वेळ लागला नाही. कपाटात आता गडद चौकोन दिसतो, बाकी कापड उन्हानं उडालं आहे. अभिप्रायाच्या वहीत मी लिहून आले: 'कॉर्पोरल हॅस्लम यांचा फोटो त्यांच्या पत्नीला परत केला. ए. क्रॅबट्री.' खाली तारीख घातली.

घरी आणून पुठ्ठ्याच्या चौकटीतून सोडवला. मला वाटलं होतं तो एकट्याचा आहे. मासिकवाल्यांनी कापला असेल असंही वाटलं होतं. कापलेला नाही, दुमडलेला आहे. मागच्या बाजूला तू आहेस. लग्नाच्या झग्यात, हातात फुलं, तोंड उघडं, कोणाला तरी काहीतरी ओरडून सांगते आहेस. बहुधा तेव्हाच केनेथनं बिअर सांडली असावी. डेरेक तुझ्याकडे बघून हसतोय. दुमडल्यावर तो नुसताच कुठेतरी बघून हसणारा सैनिक दिसायचा.

मी दोन दिवस जाड पुस्तकांखाली ठेवून पाहिला. घडी तुम्हा दोघांच्या बरोबर मधून गेली आहे, ती जाणार नाही. इस्त्री करायचा धीर झाला नाही.

केनेथ बुधवारी गेला. हॉस्पिटलात, सकाळच्या चहाच्या वेळी, त्याची पोरगी जवळ होती. तिनं मला सांगितलं की जूनपासून त्याला झोप लागायची. पलटणीचा बिगूलवाला पाठवतो असं कर्नल म्हणाले होते. पोरगी म्हणाली, नको, बाबांनी नको म्हणून ठेवलंय.

फोटो दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून या पत्रासोबत पाठवते. पोस्टातली बाई म्हणते बारा दिवस लागतील आणि सही करून घ्यावा लागेल, तेव्हा घरी राहा.

त्याच्या खालचं कार्ड पाठवत नाही. ते माझं आहे.

एड्ना